‘पाचारण झालं’ की ‘पाचारण केलं’?

प्रश्न असा आला आहे: “एका मित्राच्या पाळकपदाच्या, म्हणजे चर्चमधल्या धर्मगुरूच्या पदाच्या, दीक्षाविधीची पत्रिका आली. तीत ‘सेवेसाठी झालेल्या पाचारणास विश्वासाने आज्ञाधारक राहून’ असं छापलंय. आम्ही पाचारण करतो ते अग्निशमन दलाला. ‘मला पाचारण झालं’ हे मराठीत बसतं का? आणि या सगळ्याला घरातला साधा शब्द नाही का?”

आधी व्याकरण. बसतं. ‘पाचारण करणे’ यात बोलावणारा कर्ता असतो आणि तो दिसतो: कलेक्टरांनी लष्कराला पाचारण केलं. ‘मला पाचारण झालं’ हे ‘मला आठवण झाली’, ‘मला ताप आला’ याच घरातलं वाक्य आहे. यातला ‘मला’वाला माणूस स्वतः काही करत नाही, त्याच्यावर गोष्ट येऊन पडते. चर्चमधल्या माणसाला नेमकं तेच सांगायचं असतं, की मी अर्ज केला नव्हता. खटकायला हवं ते ‘मी पाचारण घेतलं’. हेही अधूनमधून कानावर येतं. संन्यास घेतात, सुट्टी घेतात, पण पाचारण कसं घेणार?

शब्द काही मिशनऱ्यांनी घडवलेला नाही. ‘पाचारिले’ हे रूप जुन्या पोथ्यांत भेटतं. मराठी बायबलमध्ये तो रुजला आणि ख्रिस्ती बोलण्यात रोजचा झाला; बाहेर मात्र बातम्यांपुरता उरला. बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात मूळपुरुष अब्राहामाला देवाकडून पाचारण होतं आणि कुठं जायचंय हे ठाऊक नसताना तो निघतो. तिथल्याच इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो, झालेल्या पाचारणाला शोभेल असं चाला. मूळ ग्रीक शब्द ‘क्लेसिस’, म्हणजे निव्वळ बोलावणं. चर्चला ग्रीकमध्ये जो ‘एक्लेसिया’ शब्द आहे त्यातही हेच बोलावणं दडलंय. आपण त्याला ‘मंडळी’ म्हणतो आणि ते बोलावणं हरवतं. (शिवाय ‘आमची मंडळी’ म्हटलं की जुन्या माणसांना बायकोच आठवते, ते वेगळंच.)

‘पाचारण’ या शब्दाला दरबारी वास आहे. वरच्यानं खालच्याला बोलवायचं आणि खालच्यानं हजर व्हायचं. हा वास इथं अगदीच परका नाही. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ मध्ये मिशनपासून वेगळे झाले आणि साताऱ्याला त्यांनी जे सुरू केलं, त्याचं नावच ‘देवाचा दरबार’ होतं. पण बातमीतलं पाचारण आणि बायबलमधलं पाचारण यांत एक फरक पडतो. अग्निशमन दलाला पाचारण केलं की बंब येतो. बायबलमध्ये पाचारण झालेला माणूस दरवेळी लगेच येतोच असं नाही. आपल्या लोकांना मिसरच्या गुलामगिरीतून सोडवायला देव मोशेला बोलावतो, तर तो जळत्या झुडपापुढे उभा राहून एकामागून एक सबबी सांगतो: मी कोण, लोक माझं ऐकणार नाहीत, मी जिभेचा जड. शेवटी सरळ म्हणतो, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. योना संदेष्ट्याला निनवे शहरात जायला सांगितलं, तर तो याफोच्या बंदरात भाडं भरून भलतीकडे, तार्शीशला, जाणाऱ्या जहाजात बसला. म्हणून पत्रिकेत नुसतं ‘पाचारण’ पुरत नाही, मागं ‘विश्वासाने आज्ञाधारक’ जोडावं लागतं.

आता घरातला शब्द. तो आहे, आणि बायबलच्याच मराठीत आहे: हाक. बायबलमधल्या ‘पहिला शमुवेल’ या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढून बघा. शिलोचं मंदिर. दिवा अजून मालवलेला नाही. म्हातारा याजक एली जवळपास आंधळा झालाय, तो आपल्या जागी निजलाय. पोरगा शमुवेल देवाच्या कोशाजवळ, म्हणजे पवित्र पेटीजवळ, झोपलाय. हाक येते. पोरगा उठून एलीकडे धावतो, तुम्ही बोलावलंत म्हणून आलो. एली म्हणतो, मी नाही बोलावलं, जा नीज. असं तीनदा होतं. मग हाक देवाची आहे हे म्हाताऱ्याच्या ध्यानात येतं आणि तो सांगतो, पुन्हा हाक आली तर म्हण, “हे परमेश्वरा, बोल, तुझा दास ऐकत आहे.”

हाक आल्यावर शमुवेल काय म्हणतो, हे मला फार मोलाचं वाटतं. हिब्रूत एकच शब्द आहे, ‘हिन्नेनी’; शब्दशः ‘बघ, मी’. अब्राहाम हेच म्हणतो, झुडपाजवळ मोशेही हेच. रूढ मराठी भाषांतरात या जागी छापलंय “काय आज्ञा?” भाषांतर सुरेख आहे, शंका नाही, पण त्यात हजर होणं आणि हुकूम मानणं एकाच घासात गिळलंय. त्याच अब्राहामाला डोंगर चढताना त्याचा मुलगा इसहाक हाक मारतो तेव्हाही हिब्रूत ‘हिन्नेनी’च आहे, आणि बाप काही मुलाला ‘काय आज्ञा’ म्हणणार नाही. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मात्र “हा मी आहे, मला पाठव” असं आलंय. तिथं ‘हिन्नेनी’ जशीच्या तशी उतरलीय.

मला विचाराल तर ‘हिन्नेनी’ला मराठीत नेमका शब्द ‘ओ’. आई ओट्यापाशी उभी राहून हाक मारते, आपण माडीवरून ओ देतो. काम काय आहे ते अजून माहीत नसतं. वाण्याकडं जायचंय, की गॅसचा सिलिंडर सरकवायचाय, की नुसतंच “काही नाही, आहेस का बघितलं”. तरी ओ जाते. मोशेनं ओ दिली होती, सबबी नंतर सुरू झाल्या. ओ देणं आणि सांगितलेलं करणं यांत जे अंतर आहे, ते ‘पाचारण’मध्ये दिसत नाही. ‘हाकेला ओ देणे’ म्हटलं की दिसतं.

‘आज्ञाधारक’बद्दल माझी तक्रार आहे. तो ऐकला की मला शाळेतल्या रजेच्या अर्जाखालचं ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’ आठवतं, आणि ते लिहिणारे आम्ही कसे होतो तेही. इथंही घरचा शब्द जास्त कामाचा आहे: ऐकणे. “पोरगं ऐकत नाही” म्हणजे ते बहिरं आहे असं कुणी समजत नाही. हिब्रूतला ‘शमा’ अगदी असाच चालतो, कानानं ऐकणं आणि सांगितलेलं मानणं दोन्ही त्यातच. शौल राजाला शमुवेल पुढे सुनावतो ते “यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे”, त्यातही मुळात हाच ऐकण्याचा धातू आहे. ग्रीक ‘हुपाकूओ’मध्ये ऐकणं आहे, लॅटिनच्या ‘ओबेदीरे’मध्ये आहे. आपल्याकडे संस्कृतातला ‘शुश्रूषा’ घ्या: मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, मग सेवा, आणि आता मराठीत रुग्णाची शुश्रूषा. एवढं सगळं हाताशी असताना ‘आज्ञापालन’ कशाला, असं मला वाटतं.

राहिला ‘विश्वास’. बायबलच्या नीतिसूत्रांत “परमेश्वरावर भाव ठेव” आहे, “आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस” हे त्याला जोडून. विश्वास एखाद्या बातमीवरही बसतो. भाव माणसावर किंवा देवावरच ठेवता येतो, आणि वारकऱ्यांच्या मराठीत वाढलेल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. अब्राहाम नकाशा न मागता निघाला, त्याला मी भाव म्हणेन.

तेव्हा पत्रिकेतलं वाक्य चूक नाही. छापील पत्रिकेवर ‘पाचारण’च शोभतं, ते तसंच राहू द्या. पण मित्राला अभिनंदनाचं कार्ड लिहाल तेव्हा ‘तुला पाचारण झाल्याबद्दल’ वगैरे लिहू नका. ‘हाक ऐकलीस, ओ दिलीस’ एवढं लिहा. त्याला कळेल.