आधी मोज, मग विचार

पोरी, तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. शाळेत तासिकेवर गणित शिकवतेस, सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, पुण्यात साइटवर जागा मिळतेय आणि गावचं पाण्याचं काम सुटत नाही, तर यातलं माझं खरं काम कुठलं सर, असं विचारतेस. अगं पण एवढ्या लांब मेसेजात एक तरी आकडा आहे का? तासिकेचे हातात किती पडतात, साइटवर किती देणार, आबांच्या औषधाला किती लागतात, काहीच नाही. आधी मोज. मन कुठं ओढतंय ते नंतर बघू.

मी मास्तर होतो तेव्हा दिवसा शाळा आणि रात्री एएमआयईचा, म्हणजे नोकरी करता करता इंजिनिअर व्हायच्या परीक्षेचा अभ्यास. कायमची नोकरी सोडून हा कुठं निघाला म्हणून भाऊ कितीतरी वर्षं धड बोलला नाही माझ्याशी. त्या काळात मुलगी मोठी होताना मला नीट बघायलाच मिळाली नाही, ते अजून सलतं. पण नोकरी सोडली ती लहर आली म्हणून नाही, वर्षभराचा घरखर्च बाजूला काढून, वहीत हिशोब मांडून सोडली, आणि कुणी काही म्हणो, सोडली ते बरोबरच केलं. पुढं साइटवर लेव्हलचं रीडिंग मजुरांना समजावता आलं ते फळ्यासमोरच्या वर्षांमुळंच, त्यामुळं शिकवणं वाया जाईल ही भीती डोक्यातून काढून टाक.

आता गावचं. एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी, 500 मिलिमीटर पडला तर 50 लाख लिटर. हे पोरांकडून फळ्यावर करून घे आणि मग त्यांना माळावर ने, ए-फ्रेमनं, म्हणजे इंग्रजी A सारख्या ओळंबा लावलेल्या लाकडी चौकटीनं, समतल रेषा, म्हणजे एकाच उंचीवरच्या जागा जोडणारी रेषा, आखायला लाव. चर नुसत्या नजरेच्या अंदाजानं खणला की पाणी सगळं खोलगट टोकाला धावतं, तिथं बांध फोडतं आणि खालच्या शेताची माती घेऊन जातं, म्हणजे घाम गाळून नुकसान. जेसीबी येऊन उभाय आणि सर अजून पातळी बघायचा पाणी भरलेला पाइप धरून बसलेत म्हणून माझ्याशी लोक भांडलेत ग्रामसभेत. भांडू देत. माथ्यापासून पायथ्याकडं, आणि मोजल्याशिवाय एक कुदळ मारायची नाही. मी हटलो नाही, तूही हटू नकोस.

आणि नुसती जमीन मोजून भागत नाही बरं का. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंख्यांनी पुरंदरच्या नायगावात पाणी पंचायतीचं काम उभं केलं, इंजिनिअर माणूस, पण पाणी वाटताना त्यांनी कुणाची जमीन किती हे धरलंच नाही, घरातली माणसं मोजली. माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, ऊस बंद. तुमच्या बंधाऱ्यात पाणी साठलं की कुणाच्या मोटरी किती तास चालतात हे मोजलंय कुणी? त्या लोकांच्या दारात जाऊन विचारायला छाती लागते, ती तुझ्यात आहे म्हणून तर एवढं चिडून लिहितोय.

शनिवारी शाळा सुटली की ये. घरखर्चाची वही आण, साइटवाल्यांनी पगाराचं लेखी दिलं असेल तर तेही आण. आणि पारदर्शक पाइप घेऊन ये, भरताना आत बुडबुडा राहू देऊ नकोस, नाहीतर दोन्ही टोकांची पातळी चुकीची दिसते.