भात झोडणीचं स्वस्त यंत्र करताय? मग आधी पेंढ्याचा विचार करा

तुमचा प्रश्न असा की शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी कोकणातल्या छोट्या शेतकऱ्याला परवडेल असं मळणी यंत्र करायचंय, मोटरवर चालणारं, दहा हजारांच्या आत, आणि भात नाचणी दोन्हीला चालणारं, तर सुरुवात कुठून करायची. विषय फार चांगला घेतलाय, मनापासून सांगतो, कारण अजूनही डोंगरातल्या कितीतरी वाड्यांमध्ये भाताचे भारे फळीवर नाहीतर दगडावर आपटूनच झोडतात आणि त्यात जास्त करून बायकांचे खांदे नि कंबर जाते. फक्त सुरुवात मोटरपासून करू नका, पेंढ्यापासून करा.

मोठ्या थ्रेशरमध्ये, म्हणजे मोठ्या मळणी यंत्रात, पीक अख्खं आत जातं आणि पेंढ्याचा चुरा होऊन बाहेर पडतो. गव्हाला ते ठीक, तिकडे भुसाच हवा असतो. कोकणात भाताचा पेंढा हे दुसरं पीकच आहे. गुरांना वर्षभर तोच, हापूसची आढी त्याच्यावरच घालायची, आंब्याच्या पेटीत खाली-वर तोच लागतो, आणि उरलेला उडवी (पेंढ्याची रास) रचून ठेवायचा तर काड्या लांब नि सरळ हव्यात, चुऱ्याची उडवी रचताच येत नाही आणि पावसाचं पाणी थेट आत उतरतं. म्हणून कितीही भारी मशीन आणा, पेंढा मोडला की लोक एक हंगाम वापरतात आणि पुढच्या वर्षी परत फळी काढतात. तेव्हा तुमचं यंत्र असं पाहिजे की पेंडी हातात धरायची, फक्त लोंब्यांची बाजू ड्रमवर टेकवायची, दाणे झडले की अख्खी पेंडी बाजूला टाकायची.

असं यंत्र नव्याने शोधायची गरज नाहीये. पायाने चालवायचं भात मळणी यंत्र जपानात साधारण १९१० च्या सुमारास आलं, त्याच्या आधी तिथे लोखंडी दातांचा उभा कंगवा वापरायचे, लोंब्या त्यातून ओढून दाणे काढायचे. पायाच्या यंत्रात आडवा ड्रम, ड्रमवर लाकडी पट्ट्या आणि पट्ट्यांवर उलट्या यू आकाराच्या तारा, एका ओळीतल्या तारा पुढच्या ओळीतल्या फटींसमोर येतील अशा. आपल्याकडे हेच पेडल थ्रेशर म्हणून कित्येक वर्षं मिळतंय. मग ते सगळ्या वाड्यांमध्ये का पोचलं नाही, तुमचं खरं काम ह्या प्रश्नात आहे, ड्रममध्ये नाही.

माझ्या मते पहिलं कारण वजन. आपली खाचरं डोंगराच्या उतारावर टप्प्याटप्प्याने, रस्ता कुठेतरी खाली संपतो, पुढे बांधावरनं पायवाट. यंत्र तिथवर माणसांनीच न्यायचं असतं. तुम्ही जाड अँगलची फ्रेम कराल, ती वर्कशॉपमध्ये भक्कम दिसेल आणि वाडीत पोचल्यावर एका घराच्या पडवीत कायमची बसेल. पस्तीस-चाळीस किलोच्या वर जाऊ नका, ड्रम आणि फ्रेम दोन बोल्ट काढून वेगळी व्हायला हवीत, आणि फ्रेमला दोन्ही बाजूंना पाइपच्या कड्या ठेवा म्हणजे बांबू घालून दोघांना खांद्यावर नेता येईल. पण वजन कमी करायचंय म्हणून ड्रमच हलका करू नका हं, पायाचा दाब एकसारखा नसतो, दोन दाबांच्या मधे ड्रम त्याच्या स्वतःच्या वजनानेच फिरत राहतो, तो हलका झाला की पेंडी टेकवल्या टेकवल्या वेग पडतो. वजन फ्रेममधून काढा.

आता वेगाचा हिशोब. ड्रम तारांसकट ४५ सेंटीमीटर व्यासाचा धरला आणि मिनिटाला ४०० फेरे, तर तारांच्या टोकाचा वेग सेकंदाला साडेनऊ मीटरच्या आसपास येतो, भाताला तेवढा पुरतो. ह्याच्या फार वर गेलात तर दाणे फुटतात, फार खाली आलात तर लोंबीत दाणे राहतात. सायकलचे भाग वापरणार असाल तर (वापराच, का ते पुढे सांगतो) ४४ दातांचं पुढचं चाक आणि १८ दातांचं फ्रीव्हील अशी एकच जोडी लावून भागणार नाही, मिनिटाला ७० पाय मारले तर १७० च फेरे होतात. दोन टप्पे करा, म्हणजे तशाच दोन जोड्या एकामागे एक लावा, मग तेवढ्याच पायांत ४०० च्या वर जातं. ड्रमचा वरचा भाग चालवणाऱ्यापासून लांब फिरला पाहिजे म्हणजे दाणे पुढे उडतात, आणि पुढे ताडपत्रीचा आडोसा बांधायला हुक द्या, नाहीतर निम्मं भात खळ्याबाहेर.

धडधाकट माणूस तासन् तास काम करताना साधारण ७५ वॅटच देऊ शकतो, म्हणजे एक अष्टमांश हॉर्सपॉवरसुद्धा नाही. त्यामुळे बेअरिंग घट्ट बसलं किंवा ड्रम एका बाजूला जड असला तर ते सगळं पायाला कळतं. ड्रम दोन सपाट पट्ट्यांवर शाफ्टच्या (मधल्या दांड्याच्या) आधाराने ठेवून बघा, जी बाजू सारखी खाली येते ती जड, समोरच्या बाजूला वजन लावा. मोटर हवीच असेल तर पुली बसवायची जागा ठेवून द्या, अर्ध्या एचपीची सिंगल फेज पुरेल, पण शाफ्टपाशी मापून पुली निवडा, फेरे त्याच ४०० च्या आसपास राहिले पाहिजेत. फक्त यंत्र मोटरशिवाय चाललंच पाहिजे, कारण खळं जिथे असतं तिथे प्लग नसतो आणि परतीचा पाऊस येणार म्हटलं की लाईट पहिली जाते.

सायकलचे भाग का, तर दुरुस्तीसाठी. यंत्र मोडतं ते ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कापलेलं भात खाचरात पडलेलं असताना, तेव्हा पुण्याहून पार्ट मागवणार कोण? चेन, फ्रीव्हील, ६२०४ नंबरचं (मापाचं) बेअरिंग तालुक्याच्या बाजारात कुठेही मिळतं, तार वाकवून देणारा वेल्डर पण मिळतो. एकही भाग असा ठेवू नका जो फक्त तुमच्याकडे मिळेल. माझ्या लेखी स्वस्त यंत्राची खरी कसोटी हीच आहे, किमतीपेक्षासुद्धा. आणि किंमत एका घरावर टाकूच नका, आठ-दहा घरांच्या वाडीला एक यंत्र धरा, म्हणजे दहाचे बारा हजार झाले तरी घरटी दीड हजाराच्या वर जात नाही. अनुदानाचा विचार असेल तर आत्ताच लक्षात घ्या, टेस्ट रिपोर्ट नसलेलं मशीन अनुदानाच्या यादीत बसत नाही, म्हणून कॉलेजमार्फत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या अवजारांच्या विभागाशी लवकर बोला.

सुरक्षेवर एक पैसा वाचवू नका. आपल्या देशात मळणी यंत्रांनी इतके हात नेले की १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदाच करावा लागला. तुमच्या यंत्रात हात आत खेचला जाण्याची भीती कमी, पण चेन उघडी ठेवलीत तर साडीचा पदर आणि ओढणी जाणार, चेनला पूर्ण पत्रा हवाच. ड्रमच्या अलीकडे आडवा पाइप द्या, पेंडी त्यावर टेकते, हात तिथेच थांबतो आणि हातावरचा भारही कमी होतो. उंची ठरवताना मात्र तुमच्या ग्रुपमधल्या पोरांची मापं घेऊ नका, जी बाई दिवसभर चालवणार तिला उभं करून घ्या.

नाचणीचं सांगायचं तर एकाच यंत्रात दोन्ही बसवायचा हट्ट सोडा. नाचणीची कणसं वेगळी खुडतात, वाळवून काठीने बडवतात, दाणा बारीक आणि टरफलात घट्ट, तारांच्या ड्रमवर तो नीट सुटत नाही. त्याला घासणारा ड्रम नि खाली चाळण लागते, अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी संशोधन संस्थेने तिकडच्या मंडुव्यासाठी म्हणजे आपल्या नाचणीसाठीच तसं छोटं मोटरचं यंत्र केलंय, ते बघा, पुढच्या बॅचला तो प्रोजेक्ट द्या.

टेस्टिंग वर्कशॉपमधल्या सुक्या भातावर नको. कापणीनंतर दाण्यात २० टक्क्यांच्या वर ओल असते, त्यातच झोडून बघा. यंत्रातनं काढलेल्या दहा पेंड्या घेऊन परत फळीवर आपटा, जे दाणे पडतील ते वजन करा, मग सोललेले आणि फुटलेले दाणे वेगळे मोजा, कारण बियाण्याला ठेवायचं भात फुटलेलं चालत नाही. आणि हे वाडीतल्या बायकांसमोर करा, पेंडी कशी धरायची, केव्हा उलटायची हे त्या पहिल्या तासातच तुम्हाला सांगतील, त्याप्रमाणे आडव्या पाइपची जागा बदलायची तयारी ठेवा, म्हणजे तो वेल्ड न करता बोल्टवर घ्या.