मंगळाजवळचे वैश्विक किरण कसे मोजतात?

प्रश्न: मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स एक्सप्रेस यानावर वैश्विक किरण (म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण) मोजायचं खास यंत्रच नाहीये म्हणे, मग त्याच्यावरून मंगळाजवळ ते कमी-जास्त होतात हे कसं कळतं?

उत्तर: मला या विषयातली सगळ्यात आवडती गोष्ट विचारलीत! खरंच खास यंत्र नाहीये. पण यानाच्या कॉम्प्युटरची मेमरी आहे ना, तिच्यात एखादा जोरदार कण घुसला की एक बिट उलटतो, शून्याचा एक होतो नाहीतर एकाचा शून्य, आणि कॉम्प्युटर ती चूक लगेच दुरुस्त करून काउंटर एकानं पुढे ढकलतो. हा आकडा यानाची तब्येत ठीक आहे ना हे बघायला पृथ्वीवर येतच असतो, फक्त त्यात विज्ञान दडलंय हे कुणीतरी ओळखायला हवं होतं, आणि ते ओळखलं गेलं.

यान २००३च्या डिसेंबरपासून मंगळाभोवती फिरतंय, त्यामुळे सूर्याचं ११ वर्षांचं चक्र त्या काउंटरमध्ये चक्क दिसतं. सूर्य शांत होता तेव्हा, म्हणजे २००९च्या आसपास, चुका भराभर वाढल्या, आणि २०१४च्या सुमाराला तो जोरात आल्यावर त्यांचा वेग मंदावला, कारण सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत वाहणारा कणांचा झोत, आणि त्याच्याबरोबरचं चुंबकीय क्षेत्र सूर्यमालेबाहेरून येणारे कण अडवतं. हा बदल लगेच होत नाही बरं का, काही महिने मागून येतो.

शिवाय यान मंगळाच्या जवळ गेलं की ग्रहच आकाशाचा बराचसा भाग झाकतो, तेवढे कण कमी पोचतात.