चेहऱ्याला कुठलं तेल लावू?

प्रश्न: ताई, मी ४२ वर्षांची आहे, नाशिकला राहते, रोज स्कूटीवर ऑफिसला जाते. डोळ्यांपाशी बारीक सुरकुत्या दिसायला लागल्यात. आई म्हणते रात्री खोबरेल चोळ, मैत्रीण म्हणते बदाम तेल. नक्की काय लावू?

उत्तर: अगं, दोन्ही तेलं चांगलीच आहेत, पण तेलाने सुरकुती पुसली जात नाही, तेल त्वचेतलं पाणी उडू देत नाही म्हणून चेहरा मऊ दिसतो आणि बारीक रेषा कमी जाणवतात, एवढंच. खोबरेलाने बऱ्याच जणींची रोमछिद्रं बंद होऊन पुटकुळ्या येतात, तुझी स्किन तेलकट असेल तर ते हातापायांनाच ठेव. बदाम तेलाचे दोन-तीन थेंब पुरे, तोंड धुतल्यावर चेहरा जरा ओलसर असतानाच लाव आणि डोळ्यांखाली अजिबात रगडू नकोस, बोटाने नुसतं टेकव.

खरी काळजी मला तुझ्या स्कूटीची वाटते! कोलेजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, सगळ्यात जास्त खराब करतं ते ऊन, त्यातले यूव्हीए किरण ढगाळ दिवशीही असतात. तेव्हा एसपीएफ ३० किंवा जास्त, ब्रॉड स्पेक्ट्रम (यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही किरण अडवणारं) सनस्क्रीन घे, चेहरा-मानेला मिळून दोन बोटांवर लांबीभर पट्टी येईल इतकं लाव, उन्हात असशील तर दर दोन तासांनी परत. स्कार्फ बांधतेस ना, तो सोडू नकोस.

आणि लिंबू चोळून उन्हात जाऊ नकोस गं, त्वचा भाजते, डाग पडतात. सुरकुत्यांवर खरंच काम करतं ते रेटिनॉल, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाचा एक प्रकार, ते रात्रीच लावायचं, प्रेग्नन्सीत नाही, आणि सुरू करण्याआधी स्किनच्या डॉक्टरांना एकदा दाखव.