कार्यशाळेआधी रात्रीचे निरोप थांबवावेत

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. भोसरीतील आपले बत्तीस माणसांचे मशिनिंगचे युनिट, सहा महिन्यांत सोडून गेलेले दोन जुने सेटर (कामासाठी मशीन जुळवून देणारे कारागीर), अलीकडे गप्प राहून वरचेवर खाडे करणारा एक ऑपरेटर आणि या सगळ्यावर सल्लागाराने सुचवलेली तणावमुक्तीची एक दिवसाची कार्यशाळा. ती घ्यावी का, असे आपण विचारले आहे. याच परिसरात एकवीस वर्षे असेच युनिट चालवत असल्याने माझे मत सांगतो: कार्यशाळेला हरकत नाही, पण ती आज घेऊ नये. उद्या गुरुवारची साप्ताहिक सुट्टी मिळणार की कामावर यावे लागणार, हे ज्याला बुधवारी संध्याकाळीही ठाऊक नसते, त्याला श्वसनाचे व्यायाम शिकवून त्याचा गुरुवार परत मिळत नाही.

आपल्यासारख्या युनिटमध्ये मालकाची काळजी थेट मशीनपर्यंत पोहोचते, कारण ती मध्ये अडवणारे कोणी नसते. ग्राहकाच्या कारखान्यातली उत्पादनाची लाइन थांबेल असा फोन आला की मी तो निरोप रात्री साडेदहाला जसाच्या तसा कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत असे आणि त्यामुळे सर्वांना जबाबदारीची जाणीव राहते, असे प्रामाणिकपणे मानत असे. माझा एक उत्तम सेटर नोकरी सोडून गेल्यावर काही महिन्यांनी मी त्याला फोन केला, तेव्हा कळले की तो रात्रीतून तीन-चार वेळा उठून फोन पाहत असे. त्याच काळात त्याच्याकडून रिजेक्शन, म्हणजे नाकारले जाणारे नग, वाढले होते आणि त्यासाठी मी त्याला सर्वांसमोर बोललो होतो. झोप मी मोडली होती आणि दोषही मीच दिला होता. ही गोष्ट मला आजही बोचते.

त्यानंतर आम्ही जे बदलले, त्यात खर्च फारसा नव्हता. संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर कामाचा निरोप टाकणे बंद केले. पुढच्या तीन दिवसांचे शेड्यूल फळ्यावर लिहू लागलो. तातडीचे काम आलेच तर ते घुसवताना कोणते काम मागे जाणार, हेही त्याच फळ्यावर लिहिण्याचे बंधन मी स्वतःवर घालून घेतले. माझ्या अनुभवात सर्वांत मोठा फरक या शेवटच्या नियमाने पडला, कारण पूर्वी तातडीची कामे वाढत असत, पण जुन्यातले कोणतेही कमी होत नसे आणि ती तफावत ऑपरेटर स्वतःच्या जिवावर भरून काढत असे. ओव्हरटाइम आदल्या दिवशी विचारायचा आणि नकार देणाऱ्याच्या नावापुढे मनात खूण करायची नाही, हेही ठरवले.

पगाराची तारीख हा मनःस्वास्थ्याचाच विषय आहे. घराचे भाडे आणि भिशीचा हप्ता ठरल्या दिवशी द्यायचा असताना पगार चार दिवस लांबला, तर माणूस उचल मागायला येतो आणि मान खाली घालून उभा राहतो. आमची बिले अडकत असत हे खरे, पण एका महिन्याच्या पगाराची रक्कम वेगळी ठेवायला आम्ही दोन वर्षे घेतली आणि ती साठवली. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून आपली सरकारकडे उद्यम नोंदणी असेल तर २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी ग्राहकाला ४५ दिवसांपलीकडे पैसे रोखता येत नाहीत. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर मुदत टळलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय ग्राहकाला प्राप्तिकरात खर्च म्हणून तिची वजावटही मिळत नाही, त्यामुळे मोठ्या ग्राहकाच्या लेखा विभागाशी आता पूर्वीपेक्षा ठामपणे बोलता येते. मालकाची झोपही यातच आहे.

खर्च करायचाच असेल तर तो सुपरवायझरवर करावा. चांगला ऑपरेटर म्हणून आपण त्याला बढती देतो, पण माणसांशी कसे बोलावे हे त्याला कोणी शिकवलेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही कामाच्या रचनेतील बदल आणि देखरेख करणाऱ्यांचे प्रशिक्षण यांची शिफारस आहे.

आता त्या गप्प ऑपरेटरविषयी. त्याला काय झाले आहे, याचे निदान आपण करू नये. सुपरवायझर नसताना त्याला चहाला बसवावे आणि जे दिसले तेवढेच सांगावे: "गेल्या महिन्यात पाच खाडे झाले, डबाही न उघडता परत नेता असे दिसते, काही अडचण आहे का?" मग थांबावे. "टेन्शन घेऊ नका" हे वाक्य टाळावे, कारण त्याने बोलणे तिथेच संपते. तो काही बोलला नाही तर आठवड्याने पुन्हा विचारावे. झोप होत नसेल किंवा गुंगी आणणारे औषध चालू असेल, तर त्याच्या संमतीने आणि पगार न कापता काही दिवस त्याला मशीनवरून तपासणीच्या कामावर घ्यावे. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचे काही तो बोलला, तर जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट विचारावे, त्याला एकटे सोडू नये आणि घरच्यांना कळवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. हा क्रमांक हजेरीच्या यंत्राजवळ लावून ठेवावा. खाड्यांमागे दारू असेल, तर मेमो देण्याआधी १९८६ पासून पुण्यात काम करणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता द्यावा.

पगार २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या कामगाराला ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा योजनेतून, अंशदानाच्या अटी पूर्ण होत असल्यास, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते आणि मनाचा आजारही आजारच असतो. त्यावरील पगाराच्या लोकांसाठी समूह विमा असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसी तपासून घ्यावी, कारण २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा देणे बंधनकारक केले आहे. मस्टरवर मात्र फक्त "आजारी रजा" लिहावे. आजाराचे नाव सुपरवायझरलाही सांगू नये. एकदा ते फ्लोअरवर पसरले की पुढचा माणूस आपल्याकडे येणार नाही.

या आठवड्यात आपण त्या दोन सेटरांना फोन करावा. त्यांना परत बोलावण्यासाठी नव्हे, तर इथे काय जड जात होते एवढेच विचारण्यासाठी, आणि उत्तर ऐकताना बाजू मांडू नये. त्यांनी सांगितलेल्यातली एक तरी गोष्ट बदलल्यावर कार्यशाळेचा दिवस ठरवावा, आणि ती गुरुवारच्या सुट्टीत नव्हे, तर पगारी वेळेत घ्यावी.