आधी पुस्तक मिटा, मग त्याला बोलतं करा

कसबा बावड्याच्या ताई,

तुमचा मुलगा तिसरीत, इंग्रजी माध्यमात. बोलायला उशिरा लागला, पण ‘बापबी असाच होता’ म्हणून घरच्यांनी मनावर घेतलं नाही. आता साधा मराठी धडाही वाचता येत नाही. शिकवणीच्या बाई रोज पानंच्या पानं शुद्धलेखन लिहून घेतात आणि जाऊबाई म्हणतात, घरात इंग्रजीच बोला.

जाऊबाईंचं तेवढं ऐकू नका. जी भाषा तुमच्या तोंडात भरभरून येते तीच बोला, अगदी ठसकेबाज कोल्हापुरी असली तरी. तिच्यामुळं कुणाचं वाचन अडत नाही. अबोल घरात मात्र अडू शकतं.

गफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाचं एक सोपं गणित मांडलं: अक्षरं उलगडणं गुणिले भाषा कळणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य, तर सगळंच शून्य.

त्याची कुठली बाजू लंगडी आहे ते घरीच थोडंफार कळेल. धडा तुम्ही वाचून दाखवा, पुस्तक मिटा आणि त्याला सांगायला लावा. ऐकून सगळं नीट सांगितलं, तर गाडी अक्षर आणि आवाज जोडण्यात अडतेय. डिस्लेक्सिया असाच असतो. ऐकूनही ‘मग ते आलं, मग हे केलं’ एवढंच आलं, तर अडचणीचं मूळ भाषा समजण्या-बोलण्यात आहे. काहींचं दोन्ही असतं. (धडाधडा वाचून काहीच न कळणारी पोरं तर शाळेच्या नजरेलाही पडत नाहीत!)

उशिरा बोललेली बरीच मुलं पुढं सावरतात, हे खरं. पण वाचन अडलं की तो उशीर दुर्लक्षायचा नाही. यजमानांना लहानपणी वाचन जड गेलं होतं का, तेही विचारा. असल्या अडचणी घराण्यात चालतात.

शुद्धलेखनाची पानं थांबवा. त्याऐवजी भाकरी थापताना खेळा: ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरलं? भेंड्या लावा, आजीला कोडी घालू द्या. बाजारात काय झालं ते त्याच्याकडून सविस्तर ऐका, मध्ये तोडू नका.

आणि आधी कान तपासा, सीपीआर या सरकारी दवाखान्यातही चालेल. मग स्पीच थेरपिस्ट. डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता निघालीच तर घाबरू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, त्या प्रमाणपत्रावर परीक्षेत जादा वेळ मागता येतो. चौथीची वाट बघू नका, याच सुट्टीत जा.