बास्केटबॉलसाठी बी.एस्सी. सोडू द्यावं का?

प्रश्न: माझी मुलगी नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात आहे. यंदा विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात तिची निवड झाली, पण दोन विषय राहिले. ती म्हणते, कॉलेज सोडते आणि पूर्णवेळ खेळते. तिचे बाबा म्हणतात, खेळ बंद. मी काय करू?
– एक आई, इंदिरानगर

उत्तर: ताई, सध्या दोघांचंही ऐकू नका.

लेकीला आधी हे समजावा की तिला हा संघ कॉलेजमुळेच मिळाला. आंतरमहाविद्यालयीन सामने, मग नाशिक विभागाचा संघ, मग पुण्याच्या मुलींशी गाठ आणि शेवटी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची जर्सी. यातली एकही पायरी नियमित प्रवेश नसलेल्या मुलीसाठी नाही. नाव काढलं की आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा, दोन्ही गेल्या. उरतो जिल्हा आणि राज्य संघटनेचा रस्ता. तो कॉलेजात राहूनही खुलाच आहे. मग सोडून मिळवलं काय?

बाबांची काळजी मात्र रास्त आहे. आपल्याकडे बास्केटबॉलमध्ये क्रिकेट-कबड्डीसारखा लीगचा पैसा नाही. खेळाडूचं घर चालतं ते रेल्वे, पोलीस, सैन्यदल अशा नोकरीवर. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, पण देशातल्या स्पर्धांत ती रेल्वेकडून खेळली. आपल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ तर आधी सैन्यात गेला, रोइंग तिथेच शिकला आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकला पोहोचला.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मात्र नुसत्या सहभागाच्या प्रमाणपत्रावर भिस्त ठेवू नका. पदक लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते. शिवाय जिथे पदवीची अट आहे तिथे खेळाडू म्हणून ती माफ होत नाही. पुढे बी.पी.एड. करायचं असो की पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक डिप्लोमा, आधी पदवी हातात हवी. गुडघ्याची दुखापत या खेळात मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. त्या दिवशीही पदवीच कामी येईल. (अमेरिकेतल्या शिष्यवृत्तीचं कोणी सुचवलं, तर एवढं लक्षात घ्या: तिथल्या कॉलेज-स्पर्धांच्या वरच्या श्रेणीत खेळायची मुदत जगातल्या कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतल्यापासून मोजतात. तिची दोन वर्षं त्यात गेली.)

आता तुम्ही लिहिलेलं नाही ते विचारतो. ती सामन्यात खेळते किती? बाराजणींत नाव असणं वेगळं आणि चाळीस मिनिटांपैकी पंचवीस मिनिटं कोर्टवर असणं वेगळं. हे तिच्या प्रशिक्षकांना विचारा, ती समोर नसताना. उत्तर 'बहुतेक वेळ बेंचवर' असं आलं, तरी खेळ थांबवू नका. फक्त नोकरीचा हिशोब त्यावर मांडू नका.

राहिलेल्या विषयांचं एवढं मनावर घेऊ नका. पहिल्या सत्राची परीक्षा आणि स्पर्धांचा हंगाम एकमेकांवर येतात, त्यात चांगल्या चांगल्या मुलांचे विषय राहतात. कॉलेजच्या फिजिकल डायरेक्टरांना याच आठवड्यात भेटा: बुडालेली प्रॅक्टिकल्स कधी भरून देता येतील, हजेरीत स्पर्धेचे दिवस कसे धरतात, हे लेखी विचारून घ्या. जाताना बाबांनाही न्या. त्यांनी तिचा एखादा सामना पाहिलाय असं पत्रावरून तरी वाटलं नाही. पुढच्या सामन्याची तारीखही तिथेच कळेल.